इंग्रजीची सावड

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर लोक फार छळतात. कुणाला नातवाच्या शाळेचा अर्ज तपासून हवा असतो, कुणाला परदेशातल्या सुनेच्या पत्राला उत्तर. त्यामुळे दिवाळी अंकासाठी चक्क मराठीत लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी विषय न विचारताच हो म्हणून टाकलं. विषय नंतर कळला : नोकरीतले अनुभव. नोकरीला कधी लागले, कायम कधी झाले, कुठल्या प्राचार्यांशी माझं पटलं नाही (एकाशीही नाही), हे सगळं मी वगळणार आहे. ते माझ्या नवऱ्यालाही आता ऐकवत नाही. मी सांगणार आहे ते जव्हारच्या कॉलेजातल्या एका वर्गाबद्दल. तो आठवला की अजूनही मी हातातलं काम थांबवते.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. बारावी काठावर पास होऊन आलेल्या मुलांना पहिल्या वर्षाचं इंग्रजी झेपत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढायचा असं वरून ठरलं. नाव मोठं भारदस्त होतं, 'पायाभूत इंग्रजी लेखन'. पद्धत मिश्र. म्हणजे आठवड्याचे पहिले तीन दिवस मुलांनी माझ्यासमोर बसायचं आणि बाकीचे दिवस संगणकासमोर. अर्धं मी शिकवायचं, अर्धं यंत्रानं. यंत्राच्या अर्ध्यात शिक्षकानं डोकावायचंसुद्धा नाही, असा नियम होता. प्राचार्य म्हणाले, "बाई, हा नवा प्रकार तुम्हीच घ्या. तुमचा आवाज चांगला आहे." आवाजाचा आणि लेखनाचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. स्टाफरूममध्ये त्या वर्गाचं बारसं पहिल्याच दिवशी झालं : कच्च्या लिंबांचा वर्ग.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लिहायला शिकवणं म्हणजे चुका दुरुस्त करणं. तसं असतं तर हे काम फार सोपं झालं असतं. चूक सापडणं ही काही विद्या नव्हे, ती शेजारच्या बाईलाही सापडते. आमच्या धंद्यातली खरी विद्या म्हणजे कुठली चूक आज सोडून द्यायची हे कळणं. लाल पेन जास्त फिरवलं की मूल पुढच्या वेळी दोनच वाक्यं लिहून आणतं, कारण दोन वाक्यांत चुका कमी होतात. म्हणून मी सुरुवातीला फक्त एवढंच विचारायची : आज सकाळपासून काय केलंस? तीन वाक्यांत लिही. मग तिनाची सहा, सहाचा परिच्छेद, परिच्छेदाचं पान. पण त्याहून अवघड एक गोष्ट असते. आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, हे त्या मुलाला पटावं लागतं. ते पटलं नाही तर जगातलं सगळं व्याकरण डोक्यात भरा, कागद कोराच राहतो.

वर्गात अकरा जण होते. सगळ्यांची ओळख करून देत बसत नाही, तिघांची पुरे.

सलमाच्या वडिलांचं जव्हारच्या बाजारात बांगड्यांचं दुकान. दुकानावर बसून बसून तिची भीड पार चेपलेली. मी दहापैकी सहा गुण दिले की ती टेबलाजवळ यायची. "मॅडम, सहा काय देता? मी आठ सांगते, तुम्ही सात करा. तुमचं नको, माझं नको." मी साडेसहावर यायची. एकदा मी पाचच दिले, तर म्हणाली, "अल्ला कसम मॅडम, एवढ्यात तर खरेदीसुद्धा नाही निघत." हसू दाबत मी तिला हाकललं.

काशिनाथ खोडाळ्याचा. उंच, सावकाश बोलणारा. संगणकाच्या धड्यात एक परदेशी बाई बोलायची आणि काहीही केलं की शाबासकी द्यायची. काशिनाथ तिला गोरीबाई म्हणायचा आणि तिच्याशी बोलायचा. तिची शाबासकी घाईनं आली तर तो पडद्याला म्हणायचा, "थांब गं, आजून केलं नाय मी." एकदा यंत्रानं बर्फानं झाकलेल्या शेताचं चित्र दाखवलं आणि त्याचं वर्णन करायला सांगितलं. काशिनाथनं लिहिलं : या माणसानं राब भाजला आहे, राख सगळीकडे सारखी पसरली आहे, आता पावसाची वाट आहे, पण राब एवढा मोठा का केला ते कळत नाही. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी बी पेरण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळतात तो. यंत्रानं त्याला शून्य दिलं, म्हणून तो ते कागदावर उतरवून माझ्याकडे घेऊन आला. मी त्याला दहापैकी दहा दिले, आणि सलमा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

तिसरी मंजुळा. सूर्यमाळच्या एका पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहणारी, बोलायला मोजकी. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या प्रशिक्षणाला पहिलं वर्ष पास हवं होतं, आणि पहिल्या वर्षातला तिचा एकच अडसर म्हणजे हा इंग्रजीचा वर्ग. तिचे वडील सोमादादा एकदा तिला सोडायला आले होते. टोपी हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, एक वरीस देलंय मी तिला. पास झाली तर बेस, जाऊ दे नर्सला. नाय झाली तर दिवाळी झाल्यावर आमच्यासंगं भिवंडीला, इटांच्या भट्टीवर. दुसरं वरीस मना नाय झेपायचं." त्यात दरडावणी नव्हती. घरात किती तांदूळ आहे हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मंजुळा शेजारीच उभी होती आणि मान हलवत होती.

आता यंत्राच्या अर्ध्याबद्दल. संगणक मोजके, एकेका यंत्रावर दोघं-तिघं, आणि वीज हमखास जायची. वीज गेली की मुलं व्हरांड्यात येऊन बसायची आणि बसची वेळ होईपर्यंत तिथेच असायची. तिथे ती काय करतात हे मी कधी विचारलं नाही. माझे दुसरे वर्ग चालू असायचे. मला दिसत होतं ते एवढंच, की दिवाळीनंतर वर्गाचं लिखाण अचानक सुधारलं. ज्यांच्याकडून सहा वाक्यं निघत नव्हती ती पोरं पानभर लिहू लागली, आणि ते पान वाचावंसं वाटू लागलं. यंत्राचा गुण आला, असं मी स्टाफरूममध्ये ऐटीत सांगितलं. कच्च्या लिंबांचं लोणचं घालायची वेळ आली, असंही म्हणून घेतलं.

वर्षाच्या शेवटी बाहेरचे एक परीक्षक आले. ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधीच आले, कारण पुढे त्यांना दुसरीकडे जायचं होतं. प्रत्येक मुलाच्या वर्षभरातल्या लेखांची एक फाईल असे. शांत स्वभावाचे, कामाला चोख असे ते गृहस्थ सकाळपासून प्राचार्यांच्या खोलीत बसून एकेक फाईल वाचत होते. दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"बाई, यातल्या दहा फायली एकाच कुणीतरी लिहिल्यासारख्या वाटतात," ते म्हणाले. "हे बघा. ही मुलगी लिहिते, दुकान आमची वाट बघत उभं होतं. हा मुलगा लिहितो, डोंगर आमची वाट बघत उभा होता. तिसऱ्या फायलीत विहीर वाट बघतेय. वळणं तीच, सांगण्याची रीत तीच. अक्षर मात्र ज्याचं त्याचं. कुणीतरी एकजण मजकूर सांगतोय आणि बाकीचे उतरवून घेताहेत."

"आणि अकरावी?"

त्यांनी मंजुळाची फाईल पुढे केली. "ही चुकांनी भरलेली आहे. पण ही तिची स्वतःची आहे. हिला मी पास करतो, काठावर का होईना. बाकी दहा जणांवर नक्कल म्हणून शेरा मारावा लागेल."

माझा राग नाकावर असतो, हे माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मी तडक वर्गात गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुमच्यासाठी घसा कोरडा केला, तुमची तारीफ करत हिंडले, आणि तुम्ही चोऱ्या करता? सलमाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटी मंजुळा उठली. वर्षभरात ती आपणहून बोलायला पहिल्यांदाच उभी राहिली असेल.

"मॅडम, चोरी कोनी नाय केली. आमी सावड केली."

ज्यांना सावड माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. भाताची आवणी, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावणं, हे एका घराच्या हातांनी उरकत नाही. म्हणून पाड्यावरची घरं एकत्र येतात. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. ज्याच्या शेतात काम त्याच्याकडे त्या दिवशी सगळ्यांची भाकरी, आणि त्यानं प्रत्येकाचा दिवस आपल्या अंगमेहनतीनं परत करायचा.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. माझ्या वर्गाच्या व्हरांड्यात ते इतके महिने चाललं आहे हे मला माहीत नव्हतं. मंजुळानं तिच्या तुटक बोलण्यात सगळं सांगितलं. दिवाळीनंतर वीज सारखी जायला लागली, तेव्हा तीच म्हणाली होती की एकेकट्यानं बसून हे व्हायचं नाही, सावड करू. मग रोज एकाचा लेख. ज्याचा लेख, त्यानं भाकरी आणायची. सलमाच्या दिवशी तिच्या आईच्या हातचे मटणाचे पॅटिस यायचे, म्हणून सलमाच्या लेखाला हजेरी पूर्ण.

"ज्याचं शेत त्यानं सांगायचं, काय पेरायचं," मंजुळा म्हणाली. "त्याच्या मनात काय हाय त्ये त्यानं बोलायचं, आपल्या बोलीत. बाकीच्यांनी विचारायचं. मंग काय झालं? कोन व्हतं तिथं? तुला काय वाटलं? त्यानं सांगलं का मंग सगळ्यांनी त्येचं इंग्रजी शोधायचं. कोनी एक शब्द देल, कोनी दुसरा. कुठला ठेवायचा त्ये मालक ठरवील. लिव्हायचं मालकानंच. बांधावर कोनी बसायचं नाय."

मी खुर्चीत बसले. मुलांना आधी आपल्या भाषेत बोलतं करा, त्यांना प्रश्न विचारा, शब्दांचा शोध त्यांनाच घेऊ द्या, निवड त्यांच्या हाती ठेवा : ही सगळी तत्त्वं आम्हा शिक्षकांना शिबिरांतून शिकवलेली असतात, आणि ती नेमकी कशी करायची हे शिबिर घेणाऱ्यांनाही फारसं माहीत नसतं. या अकरा पोरांनी ते व्हरांड्यात बसून, भाकरीवर चटणी ठेवून करून टाकलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. मघाचा राग कुठच्या कुठे गेला आणि मला त्यांना हात जोडावेसे वाटले. मी हात जोडले नाहीत, कारण शिक्षकाला ते शोभत नाही असं तेव्हा वाटायचं.

"मग तुझी फाईल वेगळी कशी?" मी मंजुळाला विचारलं.

उत्तर काशिनाथनं दिलं. "तिचं शेत ऱ्हायलं, मॅडम. हाक तिनं देली ना. तिच्या घरची रीत अशी, जो हाक देल त्याचं शेत शेवटी. सगळ्यांच्या पुऱ्या फायली झाल्या का मंग तिची. पुढल्या आठवड्यात धरणार व्हतो, पन सायेब आदीच आले."

म्हणजे ती इतके महिने प्रत्येकाच्या लेखात राबली आणि तिचा स्वतःचा लेख करायला कुणी बसलंच नव्हतं. तिनं आपलं जमेल तसं एकटीनं लिहिलं होतं. आणि त्या एकटेपणामुळेच ती पास होत होती.

परीक्षक काय म्हणाले ते मी वर्गाला सांगितलं. मंजुळा पास, बाकीचे नापास. मंजुळा म्हणाली, "मंग मना पन त्येंच्यात घाला."

"वेडी आहेस का?" मी जवळजवळ ओरडलेच. "वडील काय म्हणाले होते, आठवतंय ना? नर्सिंग गेलं तर भट्टी."

"ठावं हाय. पन मॅडम, सगळ्यांच्या शेतात माझा हात हाय. त्ये चोर तर मी पयली चोर."

सलमा रडत रडत म्हणाली, "ए, तू गप बस ना! तुझं तरी होऊ दे!" पण मंजुळा दप्तर घेऊन उठली होती. ती माझ्या आधी प्राचार्यांच्या खोलीत पोचली. मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, स्पर्धा परीक्षांना बसवलं, त्यांतले काही मोठ्या हुद्द्यांवर गेले. एवढं मोठं धाडस मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही, आणि ते करताना तिचा आवाजसुद्धा चढला नव्हता.

परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला हे पटतं, बाई. पण वरती अहवालात मी काय लिहू? सावड? प्रत्येकाला स्वतः लिहिता येतं की नाही, एवढं मला बघावंच लागेल." त्यांनी अकराही जणांना लांब लांब बसवलं आणि विषय दिला : तुमच्या घरातलं एखादं काम. एक तास, एक पान, कुणाशी बोलणं नाही.

तासाभरानंतर मी दहा पानं वाचली आणि गार झाले. सावडीनं त्यांना पांगळं केलं नव्हतं. इतके दिवस इतके प्रश्न ऐकून ते प्रश्न त्यांच्या डोक्यातच जाऊन बसले होते. आता तिथे दुसरं कुणी नसताना प्रत्येकजण स्वतःला विचारत होता, मग काय झालं, कोण होतं तिथं. सलमानं गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवताना तिची आई गप्पा का मारते ते लिहिलं होतं. लक्ष गप्पांकडे गेलं की हात आपोआप सैल पडतो आणि बांगडी फुटत नाही. हे वाचून परीक्षक पहिल्यांदा हसले.

मंजुळाच्या पानावर चार ओळी होत्या.

"अगं, तुला तर सगळ्यांत जास्त येतं," मी तिला बाहेर नेऊन म्हणाले.

"वाक्यं येत व्हती, मॅडम, पन सगळी दुसऱ्याची. ही सलमाची, ही काशिनाथची. मना काय सांगायचंय त्ये कोनी विचारलंच नव्हतं. मी पन नाय विचारलं."

दहा जण पास झाले. चार ओळींवर मंजुळाला पास करणं कुणालाच शक्य नव्हतं. तिला पुरवणी परीक्षा मिळाली, जुलैच्या शेवटी.

जुलैचा शेवट म्हणजे ऐन आवणी. बातमी आणली काशिनाथनं. त्याला खोडाळ्याच्या बाजारात सोमादादा भेटले होते. थोरला मुलगा ठाण्याला बांधकामावर गेला तो पावसाळ्यात परत आलाच नाही. घरात हात कमी. पाड्यावर सावड मागावी तर ती फेडायला मंजुळाखेरीज माणूस नाही, आणि फेडता येणार नसेल तर मागायची कशी? म्हणून मंजुळा आधी महिनाभर इतरांच्या शेतात जाईल, तेव्हा कुठे त्यांचं भात लागेल. पुरवणी जमणार नाही. "परीक्षा आवणी झाल्यावर का नाय घेत?" असं सोमादादांनी काशिनाथला विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर वरच्या कुठल्याही कार्यालयात असेल असं मला वाटत नाही.

"मंग?" मी काशिनाथला विचारलं. त्यांची भाषा माझ्या तोंडी केव्हा बसली मला कळलंच नव्हतं.

"मंग काय, मॅडम. तिची सावड आमच्यावर हाय. फेडाया जायाचं."

सकाळच्या बसनं आम्ही सूर्यमाळला गेलो. दहाच्या दहा जण आले होते. सलमा येईल असं मला वाटलं नव्हतं. तिच्या अब्बांनी आधी तिला वेड्यात काढलं होतं. आपल्या घराण्यात चिखलात पाय कुणी घातला नाही, म्हणाले. मग स्वतःच तिच्या हातातल्या बांगड्या उतरवून ठेवल्या, कारण चिखलात काच फुटली की हात कापतो. रिकामे हात घेऊन ती बसमध्ये खिडकीशी बसली होती आणि धुक्याकडे बघून म्हणत होती, "काही दिसत नाहीये मॅडम, रस्ता आहे ना खाली?"

पाड्यावर पोचलो तेव्हा सोमादादा, त्यांची बायको आणि मंजुळा भाताच्या खाचरात वाकलेले होते. आम्हाला बघून तिघंही उभे राहिले. काशिनाथनं राम राम केला, विजार दुमडली आणि कुणाला न विचारता खाचरात उतरला. त्याच्या मागून बाकीचे. मंजुळाला त्यांनी बाहेर काढलं, हात धुवायला लावले आणि घराच्या ओटीवर माझ्याजवळ बसवलं. हातात कागद दिला.

"आज तुझं शेत," सलमा म्हणाली. "काय पेरायचं ते सांग."

मंजुळानं कागद मांडीवर सरळ केला. प्रश्न मी त्यांच्यावरच सोडले, कारण माझ्या विचारण्याला शाळेचा वास येतो. पाऊस पडत होता. खाचरातली पोरं एक रांग लावत बांधापर्यंत यायची, आणि ज्याची रांग संपली तो ओटीशी येऊन, चिखलाचे हात लांब धरून, एक प्रश्न विचारायचा आणि परत जायचा. तुमच्या घरातलं कुठलं काम तुला सगळ्यात जास्त आठवतं? मंजुळा हळूच म्हणाली, उन्हाळ्यात झिऱ्यावर पाणी झिरपायची वाट बघत बसायचं. पुढची रांग संपली. कोण कोण असतं झिऱ्यावर? आणखी एक रांग. पाणी किती वेळानं साठतं? तेवढा वेळ काय बोलता? वाटीनं हंडा भरायला लागला की तुला काय वाटतं? हळूहळू मंजुळा बोलायला लागली. मग उत्तर द्यायच्या आधीच कागदावर वाकायला लागली. इकडे सोमादादा सलमाच्या मागे मागे जाऊन तिची रोपं पुन्हा खोचत होते. "ताई, भाताला गुदगुल्या नको करू," ते म्हणत होते, "अंगठ्यानं दाब."

मिश्र पद्धत, मिश्र पद्धत म्हणून जो घोष चालायचा तो नेमका कशासाठी असतो, हे मला त्या ओटीवर बसल्यावर समजलं. अर्धा वर्ग चिखलात, अर्धा कागदावर, आणि दोन्हीकडची रांग सारखीच पुढे सरकत होती. मी नुसती बघत राहिले. असं काही आपल्या नोकरीत आपल्याला बघायला मिळालं, यापुढे दुसरं काय हवं होतं, असं वाटून माझे डोळे भरून आले.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. मंजुळा पुरवणीत पास झाली. नर्सिंगला गेली. आता एका ग्रामीण रुग्णालयात ती मोठी सिस्टर आहे आणि नव्या मुलींना कडक शिस्तीत ठेवते असं ऐकते. वर्ग मात्र दोन-तीन वर्षांनी बंद पडला. संगणक जुने झाले, गोरीबाई मुकी झाली, आणि वरून आता दुसरंच काहीतरी ठरलं होतं. त्याची खंत मला आहे. व्हरांडा अजून तसाच आहे, पण सावडीला कुणी हाक देत नाही.

पण मला विचाराल तर मंजुळाचा निकाल त्या दिवशी दुपारीच लागला होता.

निम्मं शेत झालं होतं. सोमादादा कंबर ताठ करत उभे राहिले. एवढी माणसं, एवढं काम बघून त्यांचा चेहरा पडला होता. "पोरांनो, ह्ये एवढं आमच्या अंगावर चढलं," ते म्हणाले. "आता ह्ये फेडू कसं? पोरगा ठाण्याला. पोर एकली कोनाकोनाकडं जाईल?"

"बाबा, फेड तर ही आमची हाय," काशिनाथ म्हणाला. "तिनं चार म्हैने आमच्याकडं आवणी केली."

"कोनच्या शेतात?"

काशिनाथनं ओटीकडे हात केला. तिथे मंजुळा कागदावर वाकलेली. सोमादादा तिच्याकडे बघत राहिले. तिनं मान वर केली, वडील आपल्याकडे बघताहेत हे पाहिलं आणि कागद माझ्याकडे देऊन घाईनं उठली. परकी माणसं राबताना घरच्या माणसानं कोरड्यात बसायचं नाही, हे तिच्या हाडात होतं. ओढणी खोचून ती खाचरात उतरली आणि रोपाची जुडी उचलायला वाकली.

सोमादादांनी ती जुडी तिच्या हातातून काढून घेतली.

"वर जा," ते म्हणाले. "तुझं शेत तिकडं हाय. इथली तुझी रांग मी लावतो. आज बी आन यंदाच्या सगळ्या आवणीत बी."

मंजुळा पायांचा चिखल न धुताच ओटीवर आली, माझ्या हातातला कागद घेतला आणि लिहायला लागली.